पोर्चमधली पांढरी आणि मी

मी बोलतेय ती घराच्या बाजूच्या बोळातून. पोर्चकडे बघू नका, तिथं ती पांढरी उभी आहे. नारी रोडवरच्या या घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो, तिच्या आरशात केस नीट करतो आणि मग चपला काढून आत जातो. मी मात्र कूलरच्या खिडकीखाली, भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये अंग चोरून उभी असते. मरून रंगाची, लहानशी, चार दारांची मोटार. नागपूरच्या उन्हानं माझ्या टपावरचा रंग पांढुरका झालाय. पांढरं व्हायची हौस मला कधीच नव्हती, पण ते कोणाला सांगणार?

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही, नुसत्या ठिणग्या आठवतात आणि माझ्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणींची लांबलचक रांग. तिथं कोणाचा हेवा करायचा प्रश्नच नव्हता, सगळ्या एकसारख्या होतो. हेवा करायला मी माणसांच्या घरात शिकले.

मला विकत घेतलं प्रेमानंदनी. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ते बॉयलरवर कामाला होते, आता निवृत्त झालेत. शोरूममधून निघाल्यावर घरी जायच्या आधी त्यांनी मला दीक्षाभूमीला नेलं. मला बाहेर रस्त्याच्या कडेला उभं करून सगळे आत वंदन करून आले. मग त्यांच्या बायकोनं, सरितानं, पिशवीतून बुद्धाची बोटभर उंचीची मूर्ती काढली आणि माझ्या डॅशबोर्डवर चिकटवली. हात जोडून ती थोडा वेळ माझ्यात एकटीच बसली. तो थोडा वेळ माझा आहे, त्यात मी कोणाला वाटेकरी करणार नाही.

खरं सांगायचं तर गाडी प्रेमानंदांच्या नावावर असली तरी मी सरिताची झाले. पन्नाशीला टेकल्यावर ती गाडी शिकली. नवरा शेजारी बसून इतका ओरडायचा की तिनं एक दिवस त्याला खाली उतरवलं आणि कॉलनीच्या मोकळ्या मैदानावर एकटीच मला फिरवू लागली. आधी मी बेडकासारख्या उड्या मारायचे आणि बंद पडायचे. मग एकदा तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी पायानं क्लच दाबला. त्या दिवशी मी एकदाही बंद पडले नाही.

तेव्हापासून ती मला अनवाणीच चालवते. कोणी हसलं तर म्हणते, "तळव्याले समजते, चपलेले काय समजते?" डावा पाय हळूच उचलायची तिची एक रीत आहे. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी ती क्लच सोडते. माझ्या चाकांना कळतसुद्धा नाही आपण कधी निघालो ते.

दर रविवारी आम्ही दोघी खापरखेड्याच्या पलीकडच्या गावी जातो. तिथं तिची आई, पंचफुलाबाई, राहते. म्हातारी पुढच्या सीटवर बसते, काच पूर्ण खाली करते आणि गावातून एक फेरी मारायला लावते. दिसेल त्याला सांगते, "पोरीनं आणली गा, स्वतः चालवत आणली!" आधी सरिताला माहेरी जायचं म्हणजे नवऱ्याची सुट्टी बघावी लागायची, पोराचा मूड बघावा लागायचा. मी आल्यापासून तिनं कोणाला विचारलं नाही. दाराजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढायची आणि निघायचं. या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

मग ती पांढरी आली.

सरिताच्या मुलाला, धम्मदीपला, मिहानमधल्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली आणि त्यानं ही मोठी गाडी घेतली. उंच, रुंद, अंगावर नुसता चकचकाट. तिला क्लच नाही. गियर ती स्वतःच्या मनानं बदलते म्हणे. मागं सरकताना टुंई टुंई करते आणि आतून एका बाईच्या आवाजात रस्ता सांगते. रोज शाम्पूनं आंघोळ, वर पांघरायला कव्हर. तिची आंघोळ झाल्यावर बादलीत उरलेलं मळकं पाणी माझ्या अंगावर ओतलं जातं, ती माझी आंघोळ.

तिलाही दीक्षाभूमीला नेलं. त्यात वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण मला वाटलं. आणि परत आल्यावर धम्मदीपनं माझं दार उघडलं, डॅशबोर्डवरची मूर्ती उचकटून काढली आणि तिच्यात नेऊन बसवली. "जुन्या गाडीत धूळ बसते आई," एवढंच बोलला. माझ्या डॅशबोर्डवर डिंकाचा एक गोल डाग राहिला. इतकी वर्षं बुद्धाच्या पायाशी काढूनही माझ्या मनातला मत्सर काही गेला नाही, उलट त्या दिवशी तो दुप्पट झाला. त्याच संध्याकाळी पोर्च तिला मिळाला आणि मला या बोळात लोटलं.

मे महिन्यात घरात गडबड उडाली. मुलगी रोशनी पुण्याला असते, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. सरिता आणि प्रेमानंद दोन महिन्यांसाठी तिकडे निघाले. अर्थात पांढरीतून. धम्मदीप त्यांना सोडून परत येणार होता. सरितानं जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवला, तेवढ्यात त्या दुसरीनं हॉर्न दिला.

प्रेमानंदांना मात्र निघायच्या आधी माझी काळजी वाटली. तीच काळजी माझ्या मुळावर आली. वीज केंद्रातली त्यांची एक सवय आहे. तिथं एखादं यंत्र जास्त दिवस बंद ठेवायचं असलं की आधी त्याची सगळी तोंडं बुजवतात. आत काही शिरायला नको.

"शटडाऊन घेतला का पहिले सारे तोंडं बंद करा लागते," ते सरिताला सांगत होते. "नाहीतर सायलेन्सरमंधी उंदरं पिल्लं देते."

कूलरच्या जाळीतली मागच्या वर्षीची वाळलेली खस, म्हणजे वाळ्याचं गवत, तिथंच पडली होती. तिचे पुंजके त्यांनी माझ्या मागच्या नळीत कोंबले. नळी चिंचोळी, म्हणून मच्छरदाणीची काठी घेऊन चांगलं ठोसलं. सवयीचा माणूस, अर्धवट काम त्यांना आवडत नाही. ठोसता ठोसता खस नळीच्या पार होऊन आत सायलेन्सरच्या डब्यात पडली, हे त्यांना कळलं नाही. नळी अजून रिकामीच दिसते म्हणून त्यांनी आणखी खस घातली. शेवटी तोंडाला आपल्या जुन्या ड्यूटीच्या शर्टाचं फडकं लावलं आणि हात झटकले.

ते परतायच्या आदल्या दिवशी नळीचं फडकं काढून ठेव असा पुण्याहून फोन आला आणि धम्मदीपनं ते फडकं ओढून काढलं. खशीबद्दल फोनवर कोणी बोललं नाही. नातवाच्या आनंदात प्रेमानंद ती साफ विसरून गेले होते.

माणसांना वाटतं गाडी पेट्रोलवर चालते. अर्धंच खरं आहे ते. मला श्वास आत घ्यावा लागतो तसा बाहेरही टाकावा लागतो. जळलेला धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून? बोळात उभी असताना, नुसतं इंजिन चालू असताना, धूर थोडाच असतो. तेव्हा ती खस डब्याच्या तळाशी गप्प पडून राहायची आणि मला काही त्रास नसायचा. पण जोर लावायची वेळ आली, धुराचा लोंढा आला, की तो लोंढा खशीला उचलून बाहेरच्या नळीच्या तोंडाशी नेऊन दाबायचा. मोरीच्या जाळीवर कचरा अडकावा तसं. मग मी गुदमरायचे. सगळं मला कळत होतं आणि बोलता काहीच येत नव्हतं.

पहिल्याच रविवारी कोराडी रोडच्या उड्डाणपुलावर माझी शोभा झाली. पंचफुलाबाईंना चार दिवस राहायला आणत होतो. पूल चढताना सरितानं एक्सलेटर दाबला आणि माझा दम गेला. तिनं गियर खाली घेतला, आणखी दाबला. जितकं दाबलं तितकी मी मंद झाले. मागून वीज केंद्राच्या राखेचे ट्रक हॉर्न मारत होते. एक जण डोकं बाहेर काढून ओरडला, "अरे, चलाना नहीं आता तो घर बैठो ना!"

पंचफुलाबाईंनी आपल्या बाजूची काच वर केली. मी त्यांच्या हातून काच वर होताना पहिल्यांदा पाहिली.

घरी आल्यावर प्रेमानंदनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "तू क्लचवर पाय ठेवून चालवते वं. प्लेट जाळली तू."

"नाही ठेवला जी मी पाय."

"मग गाडी काहून चढत नाही?"

"ते मले काय माहीत? पण पाय नाही ठेवला."

"आई, तुले समजत नसंल, पाय आपोआप राहते," धम्मदीप मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "बायकांचं असंच होते."

हे ऐकून माझा संताप झाला. तो पाय मी ओळखते! या घरातल्या दोन्ही पुरुषांचे पाय माझ्या क्लचवर पडलेत. प्रेमानंद त्यावर उभे राहतात आणि धम्मदीप लाथ मारतो. जाळायची असती तर प्लेट त्यांनी कधीच जाळली असती.

महाल भागातल्या एका गल्लीत चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं मला उभ्या उभ्या चालू करून पाहिलं, कान लावला, कॉम्प्युटरही लावला. रेस न देता उभी असताना मी ठणठणीतच असते, त्याला काय सापडणार? प्रेमानंद मात्र प्लेट प्लेट करत राहिले, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालणाऱ्यांतला चंद्रभान नाही. त्यानं चांगली प्लेट काढली आणि नवी बसवली. पुढच्या रविवारी पुलावर मी पुन्हा गुदमरले.

त्यानंतर सरिता पुलाकडे गेलीच नाही. भाजी आणायला जायची तीही चालत. किल्ली खिळ्यावर तशीच लटकत राहिली. आईचा फोन आला की म्हणायची, "धम्मदीपले वेळ भेटला का येतो मा." धम्मदीपला वेळ मिळायचा नाही. मिळाला तर पांढरीतून, मागच्या सीटवर बसून जायचं, आणि तासाभरात "चाल आई, उशीर होऊन राहिला." मी बोळातून त्यांना निघताना बघायचे. मागच्या काळ्या काचेतून सरिता मला नीट दिसायचीसुद्धा नाही. त्या पांढरीचा मला इतका राग यायचा की तिचं टायर रोज एका खिळ्यावरून जावं, असं मी मनापासून चिंतायचे. कधी गेलं नाही.

थंडी सुरू झाली तसं प्रेमानंदनी ठरवून टाकलं. "इंजिन म्हातारं झालं. रविवारी कबाडीवाला येऊन राहिला."

सरितानं हातातली पोळी तव्यावर टाकली. "मग मी आईकडं कशी जाऊ?"

"धम्मदीप आहे ना. नाहीतर ऑटो आहे."

"म्हणजे विचारून जाऊ."

प्रेमानंदांना त्यात काय बिघडलं ते कळलं नाही. खिडकीखाली उभ्या असलेल्या मला कळलं. भंगारात माझे तुकडे होतील ते होतील, पण ही बाई पुन्हा दुसऱ्याच्या सुट्टीची वाट बघत बसणार होती. आणि तिला नेणार कोण, तर पांढरी!

रविवार उजाडला. कबाड्यासमोर जरा बरी दिसावी म्हणून प्रेमानंदनी मला बोळातून काढून अंगणात आणलं. पोर्चच्या तोंडाशी, पांढरीच्या अगदी शेजारी. इतक्या जवळ आम्ही कधीच उभ्या नव्हतो. तिच्या चकचकीत दारात मला माझाच पोचे आलेला पत्रा दिसत होता. अंगणात बदामाचं झाड आहे, त्याची लाल पानं पडली होती. सरिता आमच्या दोघींच्या मागं झाडत होती. डोळे सुजलेले.

धम्मदीपला कुठं तरी जायचं होतं. त्यानं पांढरी चालू केली आणि गरम करायला दोनदा रेस दिली. भस्सकन वारा आला आणि सरितानं लावलेला पानांचा ढीग अंगणभर उडाला.

"रोजचंच आहे इचं!" सरिता करवादली. "झाडलं का उडवते."

इकडे प्रेमानंद माझ्यात बसले होते. कबाडी आला की त्याला आवाज तरी ऐकवावा, म्हणून आधी तपासायला त्यांनी मला चालू केलं आणि एक्सलेटर पार खाली दाबला. मी आतल्या आत कण्हले. सरिता झाडू घेऊन माझ्या मागं आली आणि तिथंच थांबली. माझ्या नळीच्या तोंडाशी बदामाचं एक वाळकं पान पडलं होतं, ते जागचं हललं नव्हतं.

ती खाली बसली. नळीपुढं तळहात धरला. मग उठून पांढरीच्या मागं गेली, तिथं हात धरला. पुन्हा माझ्याकडे आली.

"दाबा अजून," ती म्हणाली.

"पुरा दाबला ना!"

"अजून दाबा! अजी, इच्यातून वाराच येऊन नाही राहिला. तिच्या मागं ढीग उडते, इच्या मागं पान हलत नाही. इचा श्वास कोंडला आहे."

"काही तरी बोलते. म्हातारी झाली ते."

पदरानं हात पुसून तिनं चंद्रभानला फोन लावला.

आता गंमत बघा. जिचा मी रात्रंदिवस दुस्वास केला, तिच्यामुळेच माझं दुखणं कळलं. तिच्या शेजारी उभं केलं नसतं तर ते पान कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हे मला कबूल करावं लागतंय, आणि कबूल करताना आजही तोंड कडू होतं.

चंद्रभान स्कूटरवर आला. आडवा होऊन माझ्या खाली शिरला. "काकू, डब्याच्या पहिलेचा जोड खोलतो. धूर इथूनच बाहेर जाईल. मग पाहू ताकद येते का," असं म्हणून त्यानं नट सैल केले. सरिता आत बसली, चपला काढल्या, किल्ली फिरवली.

मी अशी गरजले की शेजारची माणसं गॅलरीत आली. इतक्या महिन्यांनी छाती मोकळी झाली होती. सरितानं डावा पाय हळूच उचलला आणि आम्ही निघालो, चंद्रभान शेजारी जीव मुठीत धरून. कोराडी रोडचा तोच पूल आला. तिनं एक्सलेटर दाबला आणि मी चढले. राखेच्या एका ट्रकला मागं टाकून चढले. सरिता मोठ्यानं हसत होती आणि माझ्या आवाजात ते एकट्या मलाच ऐकू येत होतं.

अंगणात परतल्यावर चंद्रभाननं सायलेन्सरचा डबा उतरवला, उलटा करून हलवला आणि तारेचा आकडा करून आत घातला. एकेक काळा पुंजका बाहेर येऊ लागला. अर्धवट करपलेला, ओलसर. भर थंडीत अंगणात कूलरचा वास सुटला.

"हे खस आहे," चंद्रभान म्हणाला. "इच्यात खस कोणी भरली गा?"

प्रेमानंदनी एक पुंजका उचलून नाकाशी धरला. पायरीवर जाऊन बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सरिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, अनवाणीच. "सांगा आता. कोणाचा पाय होता?"

"पाय नव्हता," ते खाली बघत म्हणाले. "माहा हात होता. तुह्या पायाचं उगाच नाव घेतलं मी."

तेवढ्यात फाटकाशी कबाडीवाला आला. सरितानंच त्याला आत बोलावलं. "बसा भाऊ, चहा घ्या. गाडी नाही भेटत."

माझी गोष्ट इथं संपली असती तर मी सुखी झाले असते. पण त्या दिवसापासून धम्मदीप आईकडे वेगळ्या नजरेनं बघू लागला. एका रविवारी त्यानं स्वतःहून पांढरीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "आई, आज इले ने आजीकडं. तूच चालव." सरिता नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती लाजली, हसली आणि गेली.

मी बोळातून पाहिलं. पांढरीच्या पुढच्या काचेमागे, माझ्या बुद्धाच्या मूर्तीशेजारी, माझी सरिता. पोर्चचा हेवा, शाम्पूचा हेवा, कव्हरचा हेवा, सगळे त्या क्षणी पोरकट वाटले. खरा हेवा काय असतो ते त्या दिवशी समजलं. संध्याकाळपर्यंत माझी बॅटरी का उतरली नाही, कोण जाणे.

दिवेलागणीला त्या परतल्या. पांढरी टुंई टुंई करत पोर्चमध्ये शिरली. सरिता घरात गेली नाही. ती सरळ बोळात आली, माझं दार उघडून आत बसली. प्रेमानंद खिडकीत आले. "काय झालं वं? गाडीनं तरास देला का?"

"नाही जी, लय चांगली आहे. आईनं काच खाली करून साऱ्या गावाले दाखवली." तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. "पण डावा पाय साऱ्या रस्त्यानं इलेच शोधत होता."

आणि मला चालू न करताच तिनं अनवाणी पायानं माझा क्लच एकदा पूर्ण दाबला आणि हळूच सोडला.

पांढरे, तुला ऐकू जात असेल तर ऐक. पोर्च तुला ठेव. शाम्पू ठेव, मूर्तीही ठेव, तिच्या पायाशी बसून तूही काही शिक. रविवार आपण वाटून घेऊ. पण तो पाय मागू नकोस. तुझ्यात त्याला ठेवायला जागाच नाही.